खळ्यावरची स्टॉक कार: टायर आणि चेसिसच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

परवा विजा कडकडून शेवटचा पाऊस गेला आणि आज आमच्या रिमोटवरच्या छोट्या स्टॉक कार पळवायला आबांचं खळं पहिल्यांदा खडखडीत कोरडं मिळालं. आबा म्हणजे आमच्या वाडीतले काजूवाले, वेंगुर्ल्यापासून थोडं आत. फेब्रुवारी अखेरीपासून मे पर्यंत बिया सुकवायला हे सिमेंटचं खळं लागतं, बाकीचे महिने मोकळंच असतं, त्यांनीच मागच्या वर्षी सांगितलेलं की फिरवा गाड्या पण माझ्या खळ्याला तेलबिल लावायचं नाही, खायची वस्तू पडते तिथे. हे अगदी बरोबर आहे आणि टायर निवडताना ही अट आम्हाला शेवटपर्यंत पाळायचीय.

टेपने मोजलं, २० मीटर बाय ९ मीटर. गाडी ज्या रेघेवरून पळेल तिची वळणं ३ मीटर त्रिज्येची आणि सरळ पट्टे १० मीटरचे धरले, म्हणजे एक फेरी ३८.८ मीटरच्या आसपास. आतल्या बाजूला नारळाची सोडणं मांडली, गाडी धडकली तरी काही तुटत नाही आणि सोडण पण तुटत नाही. बाहेरून आंब्याचे प्लास्टिक क्रेट. दिशा घड्याळाच्या उलट, सगळी वळणं डावीकडे, ओव्हलवर म्हणजे लंबगोल ट्रॅकवर स्टॉक कार अशीच पळतात. आबा बघत उभे होते, म्हणाले "देवाच्या प्रदक्षिणेच्या उलटे फिरतास मां रे". हो आबा, उलटंच.

एक जागा आत्ताच लिहून ठेवतो, ईशान्येच्या कोपऱ्यात गेल्या वर्षी काजूच्या टरफलांचा ढीग होता तिथे सिमेंटवर काळे चिकट डाग आहेत. टरफलाचं तेल हाताला लागलं तर कातडी जाते, टायरला लागलं तर काय होतं ते बघायची इच्छा नाही, म्हणून अख्खा ओव्हल दीड मीटर दक्षिणेला सरकवला.

१३ ऑक्टोबर

गाडीची माहिती, नाहीतर पुढचे आकडे कशाचे ते कळणार नाही. १/१० स्केल, मागची दोन चाकं ओढणारी, पॅन कार, म्हणजे चेसिस नुसती एक सपाट प्लेट. चेसिसची प्लेट २.५ मिमी ग्लास इपॉक्सी, इलेक्ट्रिशियन मित्राच्या पॅनेलच्या कामातून उरलेला तुकडा. कापताना तोंडाला मास्क आणि वरून पाण्याची धार ठेवली, हा भुगा नाकात गेला की दोन दिवस टोचत राहतो, आणि कापलेल्या कडांना फेवीक्विकचा हात दिला म्हणजे थर सुटत नाहीत. मागचा एक्सल सॉलिड, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफ नाही. मोटर बसलेला पॉड मागे वेगळा हलतो, त्याला मधे एक डॅम्पर आणि दोन बाजूंना दोन छोट्या साइड स्प्रिंग. पुढे किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं आणि वरखाली होतं ती, आणि तिच्यावर स्प्रिंग. एक्सल आणि हब मी कुडाळला ज्या लेथवर कामाला आहे तिथेच जेवणाच्या सुट्टीत टर्न केले, हब मुद्दाम १२ मिमी हेक्सचे ठेवले, म्हणजे टुरिंग कारचे फोम आणि रबर दोन्ही प्रकारचे २६ मिमी रुंदीचे टायर बसतात.

आमच्या चार गाड्यांचा एकच नियम आहे, सगळ्यांना तीच ५४० साइजची बंद ब्रश मोटर आणि तीच ७.४ व्होल्टची टू-सेल लिपो. म्हणजे पैसे टाकून वेग विकत घेता येत नाही, जे काय करायचं ते टायर आणि सेटअपमधे. मला हा नियम फार आवडतो.

१९ ऑक्टोबर

पहिला दिवस फोमवर. मुंबईहून मागवलेले, रिमवर आधीच चिकटवलेले फोम टायर, मागे मऊ, पुढे कडक. सकाळी साडेनऊला खळं झाडून सुरुवात केली, पहिल्या दहा फेऱ्यांची सरासरी ६.९ सेकंद, मी खूश. तीन मिनिटं झाली आणि गाडी वळणात पुढून सरळ पळायला लागली, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि गाडी क्रेटकडे. याला स्टॉक कारवाले टाईट म्हणतात, आणि मागची बाजू बाहेर फेकली गेली तर लूज. आम्ही पण तेच शब्द वापरतो. टाईट झाल्यावर वेळ ७.५ वर गेली.

मी लगेच पुढची स्प्रिंग बदलली, किंगपिनचा शिम म्हणजे पातळ वॉशर बदलला, स्टीअरिंग फिरवणाऱ्या सर्वोचा आर्म मागेपुढे केला, दुपारपर्यंत हेच. थोडा फरक पडायचा आणि परत तीन मिनिटांनी तेच.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत खळ्यावर पाहुण्यांची पोरं खेळत होती, गाडी घरीच. टायर मोजत बसलो आणि चांगलंच काहीतरी सापडलं.

सॉलिड एक्सलवर दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात पण वळणात उजव्या चाकाला डाव्यापेक्षा जास्त अंतर जायचं असतं. म्हणून उजवा टायर मोठा ठेवायचा, याला स्टॅगर म्हणतात. किती मोठा, तर त्याचं गणित सोपं आहे. मागच्या दोन चाकांत मधोमध ते मधोमध १५० मिमी. गाडीचा मध्य ३ मीटरवर म्हणजे डावं चाक २९२५ मिमी त्रिज्येवर आणि उजवं ३०७५ वर. डावा टायर ५८ चा असेल तर उजवा ५८ गुणिले ३०७५ भागिले २९२५ म्हणजे जवळजवळ ६१. तीन मिलिमीटर फरक ठेवला तर गाडी त्या वळणात स्वतःहून गोल फिरेल, पण मग सरळ पट्ट्यावर पण ती डावीकडेच ओढणार आणि तिथे टायर घासत जाणार, म्हणून पूर्ण तीन नको, मी २ मिमी ठेवला होता, डावा ५८ उजवा ६०, लेथवर पॉलिश पेपर लावून टर्न केलेले.

आज व्हर्नियर लावला तर सहा बॅटऱ्यांनंतर डावा ५७.७ आणि उजवा ५८.९. म्हणजे स्टॅगर २ वरून १.२ वर आला. उजवा मागचा सगळ्यात जास्त ओझं घेतो, तोच सगळ्यात जास्त झिजतो आणि स्टॅगर आपोआप खाऊन टाकतो, आणि स्टॅगर कमी झाला की गाडी टाईट. घोटलेल्या गुळगुळीत सिमेंटवर पण इतकी झीज होते हे मला वाटलं नव्हतं. वर टायर लहान झाला की रोलआउट पण कमी, म्हणजे मोटरच्या एका फेरीत गाडी जितकी पुढे जाते ते अंतर. ८८ दातांचा स्पर (एक्सलवरचा गिअर) आणि १८ चा पिनियन (मोटरवरचा) आहे, ६० च्या टायरला रोलआउट ३८.६ मिमी येतो, ५७.५ झाला की ३६.९.

पण तीन मिनिटांत टाईट होण्याचं कारण झीज नाही. एवढ्या लवकर कुठे झिजतो. फोम दोन बोटांत दाबला तर आतून लाल पीठ आलं. जांभ्याची धूळ.

९ नोव्हेंबर

आज गाडी फक्त वळणाच्या सुरुवातीला अडखळत होती. भाचा मागून बघून म्हणाला "मामा, डावा चाक वर गेला ना की थंयच रवता". खरंच, डाव्या पुढच्या किंगपिनवर चाक वर गेलं की खाली येतच नव्हतं. उघडलं तर पिन तांबड्या गंजाने भरलेली. गाडी पंधरा दिवस पडवीत होती, खारं वारं आणि ऑक्टोबरची दमट हवा, स्टीलला एवढं पुरतं. पिन बाराशे नंबरच्या पेपरने घासून चकचकीत केली, शिलाई मशीनचं तेल एक थेंब, जास्त नको नाहीतर धूळ धरते. बेअरिंग पेट्रोलमधे धुऊन वाळवून परत थेंबभर तेल. आता गाडी डब्यात ठेवायची, डब्यात सिलिकाच्या पुड्या, आणि दर रविवारी सुरू करायच्या आधी चारही चाकं हाताने वर उचलून सोडून बघायची. समुद्रापासून चार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने सेटअपच्या वहीत पहिली ओळ हीच लिहावी असं मला वाटतं.

१६ नोव्हेंबर

सावंतवाडीचा मित्र बरेच दिवस मागे लागला होता की ओहोटीच्या कडक पुळणीवर चालवू. त्याचं म्हणणं की स्टॉक कारचा जन्मच किनाऱ्यावर झाला. ते खरं आहे. अमेरिकेत डेटोना बीचवर १९३६ पासून १९५८ पर्यंत अर्धा ट्रॅक वाळूवर आणि अर्धा डांबरी रस्त्यावर अशा शर्यती व्हायच्या, स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था नॅस्कार १९४८ ला सुरू झाली ती पण त्याच गावात, आणि मग १९५९ ला तिथला मोठा स्पीडवे उघडला ज्याची वळणं ३१ अंशांनी कललेली आहेत. हे सगळं मला त्याच्याइतकंच आवडतं. म्हणून वेंगुर्ल्याजवळच्या सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो, पाणी आत गेल्यावर पुळण खरंच सिमेंटसारखी लागत होती.

दोन बॅटऱ्या पळवल्या. वेग सुंदर, आवाज सुंदर. घरी येऊन तीन तास साफसफाई, मोटरच्या भोकातून वाळू, बेअरिंग करकरतंय, पॉडच्या स्क्रूंवर रात्रीपर्यंत पांढरं मीठ. परत नाही. आणि दुसरं म्हणजे आपल्या किनाऱ्यावर या महिन्यांपासून कासवं अंडी घालायला येतात, जवळच वायंगणीला लोक त्यांची घरटी जपतात, तिथे आपण गाड्या उडवणं बरोबर नाही. हे मित्राला सांगितलं आणि त्याला पण पटलं.

२३ नोव्हेंबर

रबर आले. स्लिक, दोन प्रकार, २८ नंबर आणि ३६ नंबर. लहान नंबर मऊ, थंड जमिनीसाठी, मोठा नंबर कडक, तापलेल्या जमिनीसाठी. आत फोमचं इन्सर्ट असतं, रिमवर फेवीक्विकनेच चिकटवायचं. आपल्या हवेत फेवीक्विक जपून वापरा, ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, टायर सरळ बसवायला वेळच देत नाही. मी आधी टायर कोरडा बसवतो, चाक फिरवून बघतो, मग ओठ थोडा उचलून एकेक थेंब.

चारही बाजूंना २८ लावले आणि उत्साहाने सोडली तर ७.४. फोमपेक्षा वाईट. मागून पण घसरते पुढून पण घसरते, साबणावर चालल्यासारखी.

२९ नोव्हेंबर

जत्रा. रात्रभर दशावतार, आज कोणी गाडीला हात लावला नाही.

७ डिसेंबर

आजची नोंद मोठी आहे कारण आज मला या खळ्याचं गणित कळलं.

सकाळी सव्वानऊला गेलो तर खळं दवाने ओलं. थांबायचं ठरवलं आणि तेवढ्या वेळात भाच्याने कंटाळून एका वळणावर ओलं पोतं फिरवलं, अर्ध्या ओव्हलला. दहाला सगळं वाळलं, गाडी सोडली, आणि पुसलेल्या वळणात गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली तर दुसऱ्या वळणात तशीच साबणावर. तेच टायर, तीच चेसिस, तीच फेरी.

मी वाकून दोन्ही वळणांवर तळहात घासला. पुसलेल्या वळणावर हात कोरडा, सिमेंटचे बारीक दाणे लागतात. न पुसलेल्यावर हाताला लाल पावडर, इतकी बारीक की हाताच्या रेषांत बसली आणि फुंकून जात नाही. खराट्याने झाडल्यावर जाड माती जाते, ही राहते, उलट झाडू तिला सारखी पसरवून देतो. रबर आणि सिमेंटच्या मधे हा थर म्हणजे बारीक गोळ्यांवर गाडी चालवणं. फोममधे ती भोकांत शिरते म्हणून तीन मिनिटं चांगली जातात आणि मग भोकं भरली की खेळ संपला. रबर ती आत घेत नाही, फक्त वर चिकटते, आणि ओल्या फडक्याने पुसली की टायर परत नवा. म्हणजे या जागेला रबरच. फोम एखाद्या हॉलमधल्या कार्पेटवर कितीही भारी असू दे, इथे जांभा आहे.

मग अख्खं खळं दोन ओल्या पोत्यांनी पुसलं, दोन बादल्या पाणी, वीस मिनिटं. टायर प्रत्येक बॅटरीच्या आधी ओल्या सुती फडक्याने. बाकी काही नाही, टायरला लावायचं कुठलंही औषध नाही, एक तर आबांची अट, दुसरं म्हणजे तसली चिकट वस्तू धूळ अजूनच ओढून घेते. दहा फेऱ्यांची सरासरी ६.६.

दोन महिने मी स्प्रिंग आणि शिम बदलत होतो आणि फरक होता पोत्यात. चेसिसला हात लावायच्या आधी जमीन आणि टायर यांचं जमलं पाहिजे, नाहीतर चेसिसचा प्रत्येक बदल खोटं सांगतो, कारण दर तीन मिनिटांनी खालचा ग्रिपच वेगळा असतो. आजपासून एका रविवारी एकच बदल, आणि आधी जमिनीचं तापमान लिहायचं. आज इन्फ्रारेड थर्मामीटरवर सकाळी दहाला २७ अंश आणि दीड वाजता ४६. साडेतीननंतर समुद्रावरून वारं सुटतं आणि धूळ परत येऊन बसते, म्हणून चाचणी दहा ते दीडमधेच. ४० अंशांच्या वर २८ नंबर मऊ पडतो, मागची बाजू डुलायला लागते, हे पण आज दिसलं.

१४ डिसेंबर

वजन. चार किचनचे वजनकाटे, त्यातला एक आईचा. काचेवर ठेवले, काच पाणसळीने लेव्हल केली, प्रत्येक काट्यावर एक चाक. डावं पुढे २७०, उजवं पुढे २६२, डावं मागे ३४०, उजवं मागे ३०८, एकूण ११८० ग्रॅम. डावीकडे ६१० म्हणजे ५१.७ टक्के.

डावीकडेच वळायचं असेल तर वजन डावीकडे जास्त हवं, कारण वळणात ते उजवीकडे जाणारच आहे आणि मग चारही टायरवर बऱ्यापैकी सारखं पडतं. बॅटरी २९० ग्रॅमची, ती २५ मिमी डावीकडे सरकवली, प्लेटमधे नवी चार भोकं पाडून. परत काट्यावर: २९२, २४०, ३६६, २८२. डावीकडे ५५.८ टक्के. उजवा पुढचा अधिक डावा मागचा हे तिरकं वजन ६०६, म्हणजे ५१.४ टक्के. याला क्रॉस म्हणतात, वाढला की गाडी टाईट, कमी झाला की लूज.

६.४. आणि उजव्या पुढच्या टायरचा किंचाळण्याचा आवाज कमी झाला, हे घड्याळापेक्षा आधी कळलं.

२१ डिसेंबर

रबरमधे स्टॅगर. रबर सगळे एकाच साच्यातले, सहा टायर मोजले तर ६३.० ते ६३.३. फोमसारखे वेगवेगळ्या मापाचे मिळत नाहीत. म्हणून डावा मागचा लेथवर लावला, मँड्रेलवर हेक्ससकट, कमीत कमी स्पीड, ८० नंबरचा पेपर लाकडाच्या पट्टीवर, आणि पट्टी नुसती टेकवायची. दाबली की रबर दबतं, पेपर उचलला की फुगतं आणि टायर लंबगोल होतो. मधेमधे थांबून गार होऊ दिला, वास आला की थांबायचं. ६३.१ वरून ६१.५ ला आणला. रबराचा थर जेमतेम दोन मिमी असतो, त्यातला ०.८ मिमी गेला, अजून खाली जायचं नाही. स्टॅगर १.६, पूर्ण हवा त्याच्या अर्धा.

खळ्यावर गाडी भयंकर लूज. प्रत्येक वळणाच्या शेवटी मागची बाजू उजवीकडे. भाच्याने दोनदा क्रेट फोडायला आणले. ६.७. मला वाटलं स्टॅगर जास्त झाला, किंवा लेथवर तापून रबर बिघडलं.

२८ डिसेंबर

रबर चांगलं आहे, स्टॅगर पण चांगला आहे. काट्यावर ठेवली तेव्हा कळलं. उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा मोठा झाला म्हणजे तो कोपरा वर उचलला गेला, मग ओझं उजव्या मागच्यावर आणि त्याच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर, म्हणजे डाव्या पुढच्यावर. क्रॉस ६०६ वरून ५७६ वर, ४८.८ टक्के. गाडी लूज होणारच होती.

डाव्या साइड स्प्रिंगचा स्क्रू आवळला, पाऊण फेरा. क्रॉस ६०२. पोतं, टायर पुसले, सोडली, ६.२ आणि हातात रिमोट हलका झाल्यासारखा वाटला, वळणात स्टीअरिंग धरून ठेवायला लागत नाही, थ्रॉटल लवकर उघडता येतो. स्टॅगर बदलला की काट्यावर ठेवल्याशिवाय जमिनीवर ठेवायची नाही.

४ जानेवारी

कॅम्बर, म्हणजे चाक आत-बाहेर किती कललंय ते, डोकं आत असेल तर उणे. बॅटरी संपल्या संपल्या धावत जाऊन उजव्या पुढच्या टायरचं तापमान तीन जागी घेतलं: बाहेरची कड ४६, मधे ४१, आतली कड ३८. म्हणजे बाहेरच्या कडेवरच सगळा भार. कॅम्बर उणे १ होता तो उणे ३ केला. परत: ४३, ४३, ४१. दोन मिनिटांत कळतं, टायर झिजायची वाट बघायला नको. डावा पुढचा मात्र उलटा, अधिक १.५, म्हणजे दोन्ही चाकांची डोकी डावीकडे कललेली. माडावर चढणारा पाडेली जसा वळताना अंग कलतं ठेवतो तसं.

कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कल, उजवीकडे ६ अंश, डावीकडे ३, याने गाडी आपणहून थोडी डावीकडे ओढते आणि वळणात शिरायला बरी पडते. मी आधी ७ आणि २ करून बघितलं, सरळ पट्ट्यावर सारखं उजवीकडे धरावं लागत होतं, त्यात हात दमतो.

६.१.

११ जानेवारी

खळ्यावर आता काळी रेघ दिसायला लागलीय. चार गाड्यांचं रबर जाऊन जाऊन सिमेंटवर बसलं, आणि त्या रेघेवर ग्रिप वेगळाच, ५.८ ची फेरी पडली. आणि तिथेच गाडी उलटली. दुसऱ्या वळणात सिमेंटच्या दोन पट्ट्यांचा सांधा आहे, उजवा पुढचा टायर त्याच्यावर आडवा गेला, बाजूची भिंत आत दुमडली आणि गाडी उजव्या कुशीवर. एकदा नाही, अर्ध्या तासात पाच वेळा. बॉडीचा उजवा खांब चिरला. पॉलीकार्बोनेटला आतून जाळीची पट्टी आणि गोंद लावून दुरुस्त केला, दिसायला वाईट पण घट्ट आहे.

म्हणजे टायर जास्त धरतोय आणि जास्त दुमडतोय. दोन बदल सुचले पण एका वेळी एकच केला: उजव्या पुढच्याला २८ काढून ३६ नंबर. पाच उलट्यांवरून एकावर आलं. दुपारनंतर दुसरा: त्याच टायरच्या बाहेरच्या भिंतीवर फेवीक्विकचा पातळ थर, जमिनीला लागणाऱ्या कडेपासून दोन मिमी सोडून, कापसाच्या काडीने, चाक हळू फिरवत. वाळल्यावर नखाने टकटक केलं तर प्लास्टिकसारखा आवाज. भिंत दुमडत नाही, कड सिमेंटला चावत नाही, घसरून पुढे जाते. एकदाही उलटली नाही.

चारही टायर एकाच नंबरचे हवेत असं मी इतके दिवस धरून चाललो होतो, पण ओव्हलवर चार कोपऱ्यांना चार वेगळी कामं आहेत. उजवा पुढचा गाडी वळवतो आणि मार खातो, त्याला कडक. डावा पुढचा नुसता सोबत असतो, त्याला मऊ. मागचे दोन्ही मऊ, कारण सॉलिड एक्सलची ताकद तिथून जाते.

१८ जानेवारी

डॅम्परचं तेल. सकाळी बरोबर वाटतं ते दुपारी पातळ होतं, सिलिकॉन तेल तापलं की पातळ होणारच. ४०० चं काढून ५०० चं, म्हणजे जास्त घट्ट, घातलं, एकनंतर मागची बाजू डुलणं थांबलं. सकाळी थोडी ताठ वाटते, चालेल.

२५ जानेवारी

चौघांची शर्यत, पाच-पाच मिनिटांच्या तीन. स्टॉक कारमधे घासाघीस चालते, ढकलून पाडलं तर थांबून त्याला उभं राहू द्यायचं हा आमचा ठराव. पहिलीत मी दुसरा. दुसरीत इलेक्ट्रिशियन मित्राने मला आतून घेतलं, बंपर लागला आणि माझी डावी साइड स्प्रिंग सुटून गेली, क्रॉस गेला, गाडी लूज, शेवटी चौथा. स्प्रिंग तिसरीच्या आधी सोडणांच्या खाली सापडली. आता तिच्या टोकाला लॉकनट टाकलाय.

तिसरी भाच्याने जिंकली. त्याची गाडी तयार शाफ्टवाली, चारही चाकं ओढणारी, तिला स्टॅगर चालत नाही, वजन पण हवं तसं सरकवता येत नाही. त्याने फक्त माझ्या ७ डिसेंबर आणि ११ जानेवारीच्या पानांप्रमाणे टायर केले, उजवा पुढचा ३६ आणि कडेला थर, बाकीचे तीन २८, आणि प्रत्येक वेळी पुसले. शेवटच्या मिनिटाला आमच्या तिघांच्या टायरवर धूळ आणि त्याचे काळेभोर स्वच्छ. आबांनी त्याला बोलावून शहाळं दिलं.

१५ फेब्रुवारी

वरच्या बागेत वेंगुर्ला-४ जातीच्या काजूला बिया धरल्यात, पुढच्या आठवड्यापासून खळं आबांचं. आज चालवलं नाही, घासलं. काळी रेघ काढायला नारळाची किशी आणि कपडे धुवायचा साबण, दोघांना चार तास, दुसऱ्या वळणावर सगळ्यात जाड होती. आबा मधेच येऊन पायाने घासून बघत होते, बोटाला काळं लागलं नाही तेव्हा "आता टाका" म्हणाले.

टायर धुऊन, सावलीत वाळवून, एकेक झिप पिशवीत. पिशवीवर मार्करने: डावा मागे ६१.४, उजवा मागे ६२.७, स्टॅगर १.३ उरला, पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला डावा परत लेथवर नको, रबर तेवढं नाही, नवा घ्यायचा आणि हाच उजव्यासारखा वापरता येत नाही हे लक्षात ठेवायचं. डावा पुढचा २८, चांगला आहे. उजवा पुढचा ३६, बाहेरचा थर दोन जागी तडकलाय, कड गोल झालीय, टाकून द्यायचा पण भाच्याने मागून घेतला, त्याच्या टेबलावर ठेवायला.

क्रॉस ५१, डावीकडे ५५.८, कॅम्बर उणे ३ आणि अधिक १.५, कास्टर ६ आणि ३, तेल ५००, पिनियन १८. किंगपिनना ग्रीस फासून कागदात गुंडाळल्या. काटा आईला परत दिला.